बंदुकीच्या नळीतली काजळी: घासायला घेण्याआधी हे समजून घ्या

परवाना फाइलमध्ये आहे, कपाटाला कुलूप आहे, काडतुसं मोजून ठेवलेली आहेत. पण बंदुकीच्या नळीत आतून शेवटचं कधी पाहिलं होतं?

इंदापूर तालुक्यातल्या परवानाधारकांसाठी २०२४ हे वर्ष धावपळीचं होतं. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनला उठली. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली. निवडणुकीच्या काळात जिल्ह्याची छाननी समिती ज्यांना सांगते त्यांना आपलं शस्त्र जमा करावं लागतं. बंदूक जशी असेल तशी जमा होते. शेवटचा बार काढल्यावर नळी साफ केली नसेल, तर आतली काजळीही तिच्यासोबत जमा होते आणि अडीच-तीन महिने तिथेच राहते. बंदूक परत येते तेव्हा मृग लागायला आलेला असतो, हवा दमट झालेली असते. घरी आणून नळीत पाहिलं की काळ्यावर तांबूस ठिपके दिसतात. मग कुणीतरी तारेचा ब्रश शोधतं, कुणी पेट्रोलची बाटली आणतं, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं.

या विषयावर माझं मत स्पष्ट आहे. साफ न केल्यामुळे नळ्या खराब होतात हे खरंच. पण चुकीच्या पद्धतीने साफ केल्यामुळे त्या जास्त खराब होतात. आणि माणूस जखमी होतो त्यामागे बहुतेक वेळा काजळी नसते, ‘रिकामीच आहे’ ही समजूत असते.

पळसदेवमध्ये हा प्रश्न कशाला?

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडलं की पळसदेव येतं. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. धरण तळाला गेलं की पळसनाथाचं मंदिर वर येतं आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. एका बाजूला यशवंतसागराचा फुगवटा, दुसऱ्या बाजूला ऊस. पाणी जवळ म्हणजे हवेत ओल. ऊस म्हणजे रानडुकरं, आणि अलीकडे बिबट्याची धास्ती. (दोन्ही प्राण्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. हातात परवाना आहे म्हणून गोळी घालता येत नाही.)

अशा पट्ट्यात शेतावरच्या घरात जी शस्त्रं सापडतात त्यातली बहुतेक खऱ्या अर्थाने ‘रायफल’ नसतात. बारा बोअरची बंदूक असते, क्वचित जुनी ठासणीची. शस्त्र कायदा १९५९ मध्येही संरक्षणासाठी गुळगुळीत नळीची, किमान २० इंच नळी असलेली बंदूक आणि पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. बारा बोअरची नळी आतून पाइपासारखी गुळगुळीत असते. दोन्हीत काजळी साचते, पण काढायची पद्धत थोडी वेगळी आहे.

खऱ्या रायफली या भागात दिसतात त्या वर्दीसोबत. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत. महाविद्यालयांतले एनसीसीचे विद्यार्थी .२२ रायफलवर नेमबाजी शिकतात. एनसीसी केलेल्या कुणालाही ‘पुल थ्रू’ आणि ‘चिंदी’ हे दोन शब्द विचारून पाहा. देशभरच्या छावण्यांत आणि कवायतीच्या मैदानांवर नळी पुसायच्या कापडाच्या तुकड्याला चिंदीच म्हणतात. साफ करायची चिंदी ४ बाय २ इंच, तेल लावायची ४ बाय १.५ इंच. तेल लावायची चिंदी अरुंद असते कारण ती नळीत थोडी सैल बसायला हवी. घट्ट बसली तर तेल लागण्याऐवजी पुसलं जातं.

नळीत नेमकं साचतं काय?

मी इंजिनिअरिंग केलं ते मेकॅनिकलमध्ये, त्यामुळे मला हे दुचाकीच्या सायलेन्सरसारखं दिसतं. इंधन पूर्ण जळलं नाही की कार्बन उरतो. बंदुकीतही तेच होतं, फक्त सगळं काही मिलिसेकंदांत आणि प्रचंड दाबाखाली. कारच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय दाब असतो. .२२च्या छोट्या काडतुसात तो २४,००० पीएसआयच्या आसपास जातो, म्हणजे टायरच्या सुमारे ७५० पट. बारा बोअरमध्ये तो ११,००० च्या घरात असतो. तापमान काही क्षण अडीच हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जातं.

या भट्टीतून नळीच्या भिंतीवर चार वेगवेगळ्या गोष्टी बसतात. पहिली, जळालेल्या दारूची काजळी. दुसरी, प्राइमरचं, म्हणजे काडतुसाच्या बुडाला असलेल्या टोपीतल्या स्फोटक मिश्रणाचं उरलेलं द्रव्य. त्यात बहुधा शिसं, बेरियम आणि अँटिमनी असतं. तिसरी, गोळीचा धातू: जाकीटवाल्या गोळीचं तांबं, किंवा .२२ आणि छर्ऱ्यांचं शिसं. चौथी, बारा बोअरच्या आजच्या काडतुसांत छर्ऱ्यांमागे प्लास्टिकची वाटी असते, तिचा पातळ लेप.

हे थर एकावर एक बसतात. काजळी, त्यावर तांबं, त्यावर पुन्हा काजळी. ताजी काजळी भुसभुशीत असते, चिंदीला लागून येते. पण चेंबरच्या पुढे, जिथे गोळी काडतूस सोडून नळीत शिरते, तिथे उष्णता सगळ्यात जास्त असते. तिथली काजळी भाजून भाजून चिनीमातीसारखी कडक होते आणि तिचं कडं तयार होतं. .२२मध्ये हे कडं विशेष त्रास देतं. काही .२२ काडतुसांच्या प्राइमरमध्ये काचेची बारीक पूड असते, तीही त्यात मिसळते. कडं वाढलं की गोळीला जायला जागा कमी होते. अचूकता आधी जाते. मोठ्या बोअरच्या रायफलमध्ये दाबही वाढू शकतो.

बरेच जण पांढरी चिंदी बाहेर आली की नळी साफ झाली असं मानतात. त्यांची फसगत इथेच होते. कडक झालेली काजळी चिंदीला लागतच नाही. चिंदी वरून घसरून जाते आणि पांढरीच बाहेर येते.

सुरुवात नळीपासून नाही

१ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, असं त्यांच्या व्यवस्थापकाने तेव्हा सांगितलं होतं. ते काही दिवसांत घरी परतले. शस्त्र वेगळं, प्रसंग वेगळा, पण मुद्दा तोच: शस्त्र हातात घेतलं, हलवलं, ठेवलं त्या क्षणी ते भरलेलं होतं. ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’ हे वाक्य गुन्हेवार्तेच्या पानावर इतक्यांदा छापून येतं की वाचणाऱ्याचं लक्षही जात नाही.

म्हणून चिंदी आणि तेल नंतर. आधी नळीचं तोंड अशा दिशेला करा, जिथे चुकून गोळी गेली तरी माणूस, जनावर किंवा पातळ भिंत नसेल. बोट चापापासून लांब. मॅगझिन असेल तर काढा, बोल्ट मागे ओढा. बारा बोअर असेल तर मोडून उघडा. चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि मग बोट घालून चाचपा. उजेड कमी असेल तर डोळा फसतो, बोट सहसा फसत नाही. दुनळी असेल तर दोन्ही नळ्या बघा. एक रिकामी दिसली की दुसरी गृहीत धरायची सवय वाईट.

काडतुसं त्या खोलीत ठेवू नका. याला दोन कारणं आहेत. साफ करून झाल्यावर ‘जरा भरून बघू’ हा मोह होतो. दुसरं म्हणजे तेल आणि सॉल्व्हंट काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर काडतूस नीट पेटत नाही. अर्धवट पेटलेल्या काडतुसाची गोळी नळीतच अडकू शकते आणि त्यामागून दुसरा बार काढला तर नळी फुटते.

मोबाइल बाजूला ठेवा. बातमी मोबाइलवर वाचणाऱ्यांना हे सांगणं विचित्र आहे, पण बोलता बोलता ‘पाहिलं होतं की’ असं वाटतं आणि पाहिलेलं नसतं. मध्येच उठावं लागलं तर परत आल्यावर तपासणी पहिल्यापासून करा.

काजळी विरघळवायची असते

आता खरं काम. काजळी घासून काढायची नसते, आधी मऊ करायची असते. घासणं हा शेवटचा आणि छोटा भाग आहे. भांड्याला करपलेलं दूध लागलं की घरात काय करतात? पाणी घालून ठेवतात. तसंच.

जमलं तर बार काढल्यानंतर त्याच दिवशी, नळी कोमट असताना साफ करा. गरम नको, हाताला सोसेल इतकी. ताजी काजळी निम्म्या कष्टात निघते.

गज एकसंध घ्या. तुकडे जोडून होणारा गज स्वस्त पडतो, पण सांध्याच्या कडा नळीला ओरखडे पाडतात आणि दाब दिला की तो मधे वाकून भिंतीला घासतो. रायफल असेल तर बोल्ट पूर्ण काढून गज मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूने घाला. पुढून घातला तर नळीच्या तोंडाची कड झिजते. गोळी नळीला शेवटचं शिवते ते त्या कडेला. तिथे एका बाजूला केसभर झीज झाली तरी गोळी दर वेळी त्या बाजूला ढकलली जाते. ब्रिटिश काळातल्या .३०३ रायफलींमध्ये पुल थ्रूची दोरी तिरकी ओढल्यामुळे नळीच्या तोंडाशी खाच पडायची. म्हणून आजही प्रशिक्षक दोरी सरळ रेषेत ओढायला सांगतात. बारा बोअरच्या नळ्या दस्त्यापासून वेगळ्या होतात, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नाही. काढून मागून घाला.

पहिल्यांदा एक-दोन कोरड्या किंवा सॉल्व्हंटने किंचित ओल्या चिंद्या फिरवून सुटी काजळी काढा. ही पायरी गाळली तर पुढे ब्रश त्याच घाणीची पेस्ट करून नळीभर फासतो. मग कार्बनसाठीचा बोअर सॉल्व्हंट लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. डबीवर लिहिलेला वेळ वेगळा असेल तर तो पाळा. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते या थांबण्यात. चहा घेऊन या. (साफसफाईच्या टेबलावर नको, का ते पुढे येतंच.)

त्यानंतर बोअरच्या मापाचा कांस्याचा किंवा नायलॉनचा ब्रश, सलग एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत. नळीच्या मध्ये दिशा उलटी करू नका, तारा वाकतात आणि ब्रश अडकतो. दहा-बारा फेऱ्या झाल्या की कोरडी चिंदी. काळं येतच असेल तर पुन्हा सॉल्व्हंट आणि पुन्हा थांबा. चेंबरसमोरच्या कड्यासाठी ब्रश तिथेच थोडा गोल फिरवता येतो, पण हाताने.

तांबं काढायचा सॉल्व्हंट वेगळा असतो, त्यात बहुधा अमोनिया असतो. तो काजळीवर फारसा चालत नाही. काजळीचा थर वर असेल तर तांब्यापर्यंत पोचतही नाही. म्हणून काजळी आधी, तांबं नंतर. तांबं विरघळलं की चिंदी निळसर हिरवी येते. पण तुमचा ब्रश कांस्याचा असेल तर त्यातलं तांबंही विरघळून तोच रंग देतं, आणि माणूस ब्रशच झिजवत बसतो. अमोनियावाला सॉल्व्हंट रात्रभर नळीत ठेवू नका, पोलादाला खड्डे पडू शकतात. दोन वेगळे सॉल्व्हंट एकत्र करू नका. ब्लीच तर जवळपासही नको, अमोनियाशी मिसळलं की विषारी वायू तयार होतो.

आत पाहायचं असेल तर मागच्या बाजूला पांढरा कागद धरून प्रकाश आत परावर्तित करा. बोल्ट काढलेला असेल तरच पुढून डोळा लावा. मोबाइलला जोडायचे छोटे एंडोस्कोप कॅमेरे ऑनलाइन मिळतात. त्यातल्या ५.५ मिमी जाडीच्या कॅमेऱ्याला बारा बोअरमध्ये भरपूर जागा आहे, कारण ती नळी साधारण १८.५ मिमी असते. .२२ची नळी मात्र त्याच मापाच्या आसपास आहे. तिथे कोंबू नका, कॅमेरा आत राहील.

ठासणीची बंदूक आणि उकळतं पाणी

ठासणीच्या बंदुकीत जी काळी दारू वापरतात ती शोरा, कोळसा आणि गंधक यांची. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो, आणि त्यातले बरेच क्षार हवेतलं पाणी ओढतात. उजनीच्या काठावर अशी नळी दोन दिवस तशीच राहिली तर गंज धरलाच समजा. इथे महागडा सॉल्व्हंट लागत नाही. हे क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून गरम पाणी आणि थोडा साबण, मग स्वच्छ गरम पाणी, मग नळी पूर्ण कोरडी, मग तेल. नुसतं तेल लावलं तर क्षार तेलाखाली झाकले जातात आणि गंज चालूच राहतो.

हीच गोष्ट जुन्या काडतुसांची. पूर्वीच्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, जे मिठाचं भावंडच. मीठ तेलात विरघळत नाही. एनसीसीच्या धड्यात गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायला सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. पाणी मागून नरसाळ्याने ओतायचं, लाकडात आणि चापाच्या यंत्रणेत जाऊ द्यायचं नाही. उकळत्या पाण्याने नळी इतकी तापते की ती स्वतःच लवकर सुकते. वडिलांच्या काळापासून पडून असलेली काडतुसं असतील, तर मुळात ती वापरू नयेत. वापरली गेली असतील तर नळी पाण्याने धुतल्याशिवाय तेलाला हात लावू नका.

आणखी एक. ठासणीच्या नळीत बार झाल्यावर धुमसती ठिणगी राहू शकते. ताबडतोब नवी दारू ओतणं किंवा त्यावर गज ठासणं, दोन्ही जिवावर बेततं.

हे नकोच

रीलमध्ये लोक ड्रिल मशीनला तारेचा काथ्या बांधून नळीत फिरवतात. दिसायला झकास दिसतं, नळी चकचकीत होते. रायफलच्या खाचांच्या कडा त्यात गोल होतात आणि गेलेलं पोलाद परत येत नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते काजळीला फारसं काही करत नाही, पण पोलादाला आणि वरच्या निळसर काळ्या मुलाम्याला खातं. पॉलिश पेपर, विटेची पूड, राख यांचं तेच.

पेट्रोलबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण ते प्रत्येक शेतावर असतं. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत शेजारच्या चुलीपर्यंत जाते. बंद खोलीत पेट्रोलने नळी धुणं म्हणजे नळीपेक्षा घराला धोका. गॅरेजमधला कार्ब क्लीनर स्प्रे काजळी काढतो हे खरं, पण तोही तितकाच ज्वलनशील, वर दस्त्याचं पॉलिश उतरवतो आणि छातीत बसतो. काजळीसाठी बनवलेला बोअर सॉल्व्हंटही उघड्या ओसरीत, विडी-सिगारेट आणि चुलीपासून लांबच वापरायचा.

चिंदी नळीत अडकली तर ती ‘बार काढून उडवून टाकू’ असं कुणी म्हणेल. तसं करू नका. अडकलेली चिंदी, विसरलेला ब्रश, चिखलाची गोळी, यातलं काहीही नळीत असताना बार काढला तर नळी फुगते किंवा हाताजवळ फाटते. बंदूक खुंटीला टांगलेली असेल तर कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. अडकलेली वस्तू काढणं हे परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्याचं किंवा लेथवाल्याचं नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्र दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे त्याचीही अडचण होईल आणि तुमचीही.

चिंद्यांमधलं शिसं

काळी झालेली चिंदी दिसायला नुसती मळकी असते, पण तिच्यात शिसं असतं. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांवर परिणाम सगळ्यात जास्त. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला, मधे खाणं-पिणं-तंबाखू नको (टेबलावर चहा नको तो यासाठी), नंतर हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवा. स्वयंपाकघरातला ओटा आणि कपडे धुवायचा दगड या कामाला वापरू नका. मुलाला ‘तू पूस, शिकशील’ म्हणून बसवू नका. वापरलेल्या चिंद्या चुलीत जाळल्या तर शिसं धुरात येतं. त्या सुकवून, पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्या. धुतलेलं पाणी आणि सॉल्व्हंट विहिरीजवळ, चारीत किंवा फुगवट्याच्या पाण्यात ओतू नका. तिथले मासे आपल्याच ताटात येतात.

किती वेळा?

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात १० गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिमी व्यासाचं असतं आणि गोळी ५.६ मिमीची. एवढ्या अंतरावर एवढ्या नेमकेपणासाठी नळीची अवस्था दर बारला सारखी असणं महत्त्वाचं. म्हणून स्पर्धेचे नेमबाज नळी उगाच रोज रगडत नाहीत. आपल्या नळीला कधी साफसफाई लागते याची नोंद ठेवतात, आणि साफ केल्यावर सुरुवातीचे काही बार नळी स्थिरावण्यासाठी सोडून देतात.

शेतावरच्या बारा बोअरचं गणित उलटं आहे. तिथे बार वर्षात दोन-चार होतात, बाकी काळ बंदूक पडून असते. तिचा शत्रू काजळीपेक्षा ओल. प्रत्येक वापरानंतर साफ करा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेलाची चिंदी फिरवा, बार काढलेला नसला तरी. तेल पातळ. जास्त तेल यंत्रणेत उतरून गोठतं आणि दस्त्याचं लाकूड कुजवतं. रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. कव्हर फक्त नेण्या-आणण्यासाठी.

एअर रायफलवाल्यांनी यातलं जवळपास सगळं विसरावं. तिथे दारूच नाही, त्यामुळे काजळीही नाही. शिशाचा थोडा थर फेल्टच्या गोळीने निघतो. स्प्रिंगवाल्या एअर रायफलच्या नळीत साधं तेल घातलं तर दाबाने ते डिझेलसारखं पेटतं. दाबाच्या सिलिंडरवाल्या रायफलमध्ये तर तेलाचा थेंबही नको.

परवाना बघतात, नळी कोण बघणार?

२०१९च्या दुरुस्तीनंतर शस्त्र परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. शस्त्र नियम २०१६ मध्ये सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. पण गावाकडचे कितीतरी परवाने त्याच्या आधीचे, वडिलांकडून मुलाकडे आलेले. त्यांना नळी साफ करायला कुणी शिकवलेलं नाही. जो काही वारसा आहे तो ‘रॉकेल टाक आणि पूस’ इतकाच.

माझ्या मते यासाठी नवा कायदा लागत नाही. पोलीस दलात शस्त्रांची देखभाल करणारे आर्मरर आहेत. वर्दीतली रायफल रोज साफ होते, तिची नोंद होते, तीच माहिती परवानाधारकाला मराठीत एका पानावर देता येईल. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्राचा क्रमांक जुळवतात, त्याच पाच मिनिटांत बोल्ट उघडून नळीत एक नजर टाकता येईल. फुगलेली, तडा गेलेली किंवा आत काही अडकलेली नळी तिथेच सापडेल, कुणाच्या तरी चेहऱ्याजवळ नाही. निवडणुकीत जमा होणाऱ्या शस्त्रांबाबत तर साधा नियम हवा: साफ करून, तेल लावून जमा करा, आणि पावतीवर नळीची अवस्था लिहून घ्या. यात पोलिसांचाही फायदा आहे. उद्या कुणी ‘तुमच्याकडे असताना गंजली’ म्हणालं तर कागद बोलेल.

तोवर, पुढच्या वेळी बंदूक परत आणाल तेव्हा पोलीस ठाण्यातच ती उघडून रिकामी असल्याची खात्री करा, क्रमांक पावतीशी जुळवा. घरी आणल्यावर लगेच काडतूस भरू नका. आधी एक कोरडी चिंदी नळीतून काढा आणि कशी येते ते पाहा. काळी आली तर सॉल्व्हंट. तांबूस आली तर गंज आहे. हलका असेल तर तेलाची चिंदी आणि कांस्याचा ब्रश पुरतो. हाताला खड्डे लागत असतील किंवा उजेडात नळीत गडद कडं दिसत असेल, तर बार न काढता परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. आणि चिंदी मध्येच अडली, तर ओढाताण न करता तिथेच थांबा.